कुलगुरूंना अनावृत पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या सर्व सन्माननीय कुलगुरू महोदयांस,



आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठविलेले अर्ज आवक बारनिशीत नोंदले जातात, त्यांवर एक क्रमांक पडतो, आणि त्यानंतर त्यांची वाटचाल कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलाकडे झाली हे अर्जदारास कधीही कळत नाही, असा अनुभव सेवेत असताना व सेवानिवृत्तीनंतरही वारंवार आल्यामुळे, या खेपेस जे म्हणावयाचे ते चारचौघांसमक्ष म्हणावे असे ठरवून हे अनावृत पत्र लिहीत आहे. आपणांपैकी कोणा एकाचा अधिक्षेप करण्याचा माझा हेतू नाही. आपणांतील कित्येकांनी स्वतः परदेशी विद्यापीठांत राहून संशोधन केले आहे, तेव्हा माझी कैफियत आपणांस फार फोड करून सांगावी लागणार नाही, अशी आशा आहे. विषय एवढाच, की आपल्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचा जगातील विद्वानांशी संबंध जुळावा असे सर्वजण म्हणत असताना तो जुळू नये अशीच तजवीज आमच्या दप्तरांत होऊन बसली आहे, आणि ती मोडण्याचा अधिकार आपणांस आहे.

प्रारंभ सामंजस्य करारांपासून करतो. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर अधूनमधून एक छायाचित्र येते. मध्यभागी आपण, शेजारी परदेशी पाहुणे, त्यांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि समोरच्या मेजावर करारनाम्याच्या दोन बांधीव प्रती. अध्यापक व विद्यार्थी यांची देवाणघेवाण, संयुक्त संशोधन आणि परिषदा ही तीन कलमे बातमीत ठरलेली असतात. 'नॅक' या मूल्यांकन परिषदेच्या अहवालात त्या कराराची एक ओळ वाढते, आणि मुदत सरली की नूतनीकरणाचे दुसरे छायाचित्र येते. मध्यंतरीच्या काळात येथील किती संशोधक विद्यार्थी तिकडे जाऊन राहिले, तिकडचे किती येथे येऊन आमच्या ग्रंथालयात बसले, आणि कोणता एक तरी प्रबंध दोन्हीकडच्या मार्गदर्शकांनी मिळून वाचला, हे तीन प्रश्न आपण आपल्या आंतरराष्ट्रीय कक्षास एकदा विचारून पाहावेत. उत्तर यावयास जितके दिवस लागतील त्यावरूनच निम्मा उलगडा होईल.

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण तेथे घडले ते इतरत्रही घडते असे सहकाऱ्यांकडून ऐकले आहे. मोडी कागदपत्रांवरून एका परगण्याच्या महसुलाचा अभ्यास करणाऱ्या या मुलीला युरोपातील एका विद्यापीठाने एक सत्र येऊन राहण्याचे निमंत्रण दिले, राहण्याजेवण्याचा खर्चही देऊ केला. अर्ज विभागातून पीएच.डी. कक्षाकडे गेला. तेथून पृच्छा आली की त्या विद्यापीठाशी आपला करार आहे काय. करार नव्हता, ज्या विद्यापीठांशी होता तेथे मराठेशाहीच्या महसुलाचा जाणकार नव्हता. मग विचारणा झाली की त्या काळातील हजेरीचे काय, सहामाही प्रगती अहवालावर सही कोणाची, शिष्यवृत्ती चालू ठेवावयाची की रोखावयाची, आणि निमंत्रणाचे पत्र ई-मेलने आलेले असल्याने त्याची मूळ प्रत कोठे आहे. प्रत्येक शंका तिच्या परीने रास्तच होती, आणि एकीचाही निकाल देण्याचा अधिकार तिचा कागद हाती असलेल्या माणसास नव्हता. मंजुरी आली तेव्हा तेथील सत्र सुरू होऊन गेले होते. तिला कोणी नकार दिला नाही, त्यामुळे तिला कोणाविरुद्ध दाद मागता आली नाही.

असे संबंध पूर्वी कसे जुळले याचा दाखला आमच्याच पुणे शहरात आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी ही कल्पना प्रथम मांडली ती मॉरिट्झ विंटरनिट्झ यांनी, १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत. युरोपातील विद्वत्संस्थांच्या संघाने ती उचलून धरली, बर्लिनच्या हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्याची काही पाने सिद्ध केली, आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ते कार्य तेथे मागे पडले. १९१७ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते अंगावर घेतले; औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले; १९१९ च्या एप्रिलमध्ये वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा शुभारंभ झाला. आणि १९२५ साली या प्रचंड उद्योगाचे संपादकत्व ज्यांच्याकडे आले ते विष्णु सीताराम सुकथनकर हे केंब्रिजात गणित शिकून पुढे बर्लिनला त्याच ल्यूडर्स यांच्यापाशी डॉक्टरेट केलेले गृहस्थ होते. ज्या गुरूने नमुन्याची पाने केली त्याच्या शिष्याने पुण्यात बसून आदिपर्व संपादिले, आणि सभापर्वाचे संपादन अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. ते १९४४ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, प्रसिद्ध झाले. आवृत्ती पुरी व्हावयास १९६६ साल उजाडले.

या सर्व व्यवहारात विद्यापीठा-विद्यापीठांतील करारनामा मला कोठे दिसत नाही. दिसते ते असे, की पुण्याजवळ एक काम होते, जे जगास हवे होते. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या ताडून पाहण्याची शिस्त एका तरुणाने परदेशी गुरूजवळ शिकून आणली होती. आणि पैसा उभा करणाऱ्यांस उद्याच्या उद्या फळ दाखवा असा तगादा लावावासा वाटला नव्हता. परदेशी विद्वान पुण्यास पत्रे लिहीत ती पुण्यावर अनुग्रह करण्यासाठी खचित नव्हे. पुण्याकडे जे होते ते त्यांना अन्यत्र मिळत नव्हते म्हणून ते लिहीत. आज करार करण्यापूर्वी समोरच्या विद्यापीठास आमच्याकडून नेमके काय हवे आहे, आणि ते देणारा आमचा कोणता विभाग व कोणता अध्यापक आहे, हा प्रश्न कोणत्या बैठकीत विचारला जातो, हे मला जाणून घ्यावयाचे आहे.

विद्यापीठाने स्वतः विद्यार्थी पारखून पाठविल्याचेही उदाहरण आहे. पॅट्रिक गेडिस यांच्या शिफारशीवरून मुंबई विद्यापीठाने गोविंद सदाशिव घुर्ये या संस्कृतच्या पदवीधरास समाजशास्त्र शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला धाडले. केंब्रिजला ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याजवळ काम करू लागले, १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात वारले, तेव्हा हॅडन यांच्या देखरेखीखाली घुर्यांनी प्रबंध पुरा केला आणि १९२४ पासून मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा घेऊन पुढच्या पिढीतील भारतीय समाजशास्त्रज्ञांची एक परंपराच घडविली, एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच शिष्य. संस्कृतच्या माणसाला समाजशास्त्रासाठी पाठविण्याचा असा निर्णय आजच्या पात्रतेच्या नियमांच्या चाळणीतून पार पडला असता काय, याचा विचार आपणच करावा.

परदेशी गुरू म्हणजे परदेशी मत, अशी भीती जी अधूनमधून व्यक्त होते तिला उत्तर म्हणून इरावती कर्वे यांचे नाव पुरे आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये त्यांनी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेवर प्रबंध लिहिला. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना बळकटी येईल असे निष्कर्ष फिशर यांच्या संस्थेस हवेसे वाटत होते. बाईंनी मोजमापे घेतली आणि त्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असे लिहून दिले. दूर देशी, परक्या भाषेत, आपली पदवी ज्याच्या हाती आहे त्या गुरूच्या समजुतीविरुद्ध लिहिण्याचे हे धैर्य बोटावर मोजण्याइतक्याच विद्यार्थ्यांत असते, हे खरे. परंतु जो कधी परक्या विद्वानासमोर उभाच राहिला नाही त्याला हे धैर्य कमावण्याची संधी तरी केव्हा मिळणार?

येथे एक गोष्ट आपल्या अखत्यारीबाहेरची असूनही बोलून दाखवितो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी पीएच.डी.साठी जो विषय घेतला तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहाराचा. लंडनला १९२३ मध्ये डी.एस्‌सी. मिळविली ती रुपयाच्या प्रश्नावर. दोन्ही विषय अस्सल हिंदुस्थानी होते, आणि ते परदेशात बसून, परदेशी ग्रंथालयांत, सेलिग्मन व कॅनन यांसारख्या अर्थशास्त्रज्ञांशी वाद घालीत लिहिले गेले. असे असता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली अशी तरतूद आली, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय घेणाऱ्यास ती मिळावयाची नाही. म्हणजे बाबासाहेबांच्या नावाचा उठता-बसता उच्चार होणाऱ्या देशात आज कोणी तरुण भारतातील जातीच्या इतिहासावर परदेशात प्रबंध लिहू म्हणेल तर या शिष्यवृत्तीचे दार त्याला बंद. हा नियम आपण केला नाही. परंतु महाराष्ट्रातील कुलगुरूंनी एकत्र बसून त्याविरुद्ध चार ओळींचे निवेदन दिल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि या विषयावर बोलण्याचा अधिकार महाराष्ट्राइतका अन्य कोणत्या प्रांतास आहे?

आता परीक्षकांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, आणि शक्य असेल तेथे त्यांपैकी एक भारताबाहेरचा असावा असे त्यात म्हटले आहे. 'शक्य असेल तेथे' या तीन शब्दांच्या आडोशाने आम्ही परदेशी परीक्षक ही गोष्टच मोडीत काढली आहे. सहा महिन्यांत मूल्यमापन पुरे करावयाचे असते, परदेशी परीक्षक वेळ घेतो, कधी कठोर अहवाल देतो, दुरुस्त्या सुचवितो. त्यापेक्षा शेजारच्या राज्यातील ओळखीचे प्राध्यापक बरे, ते अहवालही धाडतात आणि मौखिक परीक्षेसही येतात. मानधनाची कथा तर निराळीच. परदेशातील एका नामवंत अभ्यासकाकडे आमच्या एका कार्यालयाने प्रबंध तपासल्याबद्दलच्या मानधनासाठी पॅन क्रमांक आणि रद्द केलेला धनादेश मागितला होता. त्यांनी अत्यंत सौजन्याने कळविले की मानधन नको, प्रबंध मात्र मला आवडला, त्याची एक प्रत मिळाल्यास आभारी होईन. ती प्रत त्यांना मिळाली की नाही हे मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

परदेशी परीक्षकाचा अहवाल हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातला बहुधा पहिला असा प्रसंग असतो, की ज्यात त्याचे नाव, गाव, जात व मार्गदर्शक यांपैकी काहीही ठाऊक नसलेला माणूस त्याचे लेखन वाचतो. ही संधी मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनाही मिळाली पाहिजे. मराठी वाचणारे अभ्यासक जर्मनीत आहेत, अमेरिकेत आहेत, जपानात आहेत. मराठीतला प्रबंध परदेशी पाठवावयाचा कोणाकडे, असा प्रश्न मला एका अधिष्ठात्यांनीच केला होता, म्हणून हे सांगितले.

या अभ्यासकांशी आमचे जे वर्तन आहे त्याविषयीही तक्रार आहे. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर हिंडून बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांच्यावर लिहिते झाले. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवरचा आपला प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास १९६९ साली सादर केला, तेव्हा आमच्याकडील बहुतेक विद्यापीठांना तो विषय प्रबंधास योग्य आहे असे वाटतही नव्हते. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी मिळून जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला. जपानातील हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी यांनी दख्खनच्या ग्रामव्यवस्थेवर लिहिताना मराठी कागद वाचले. ही परंपरा संपलेली नाही; आजही परदेशी विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थी मराठी शिकून येथे येतात. त्यांना संशोधनाचा व्हिसा मिळण्यासाठी येथील एखाद्या संस्थेचे संलग्नतेचे पत्र लागते. ते पत्र देताना आमची विद्यापीठे शुल्क कळवितात, हमीपत्र मागतात, आणि पत्र दिल्यावर त्या माणसास विसरून जातात. वर्षभर तो पुण्याच्या पुराभिलेखागारात बसतो, नगर-सोलापूरच्या जत्रांना जातो आणि परत जातो; त्याच विषयावर काम करणारा आमचा विद्यार्थी त्याच गावात असतो व दोघांची गाठही पडत नाही. गाठ घालून देण्यास करार लागत नाही आणि पैसाही लागत नाही. दर पंधरवड्यास विभागात एक वाचनबैठक ठेवावी, त्या पाहुण्याने आपले एक प्रकरण वाचावे, आमच्या विद्यार्थ्याने आपले वाचावे, आणि चहा विभागाच्या खर्चाने व्हावा.

परंतु परदेश म्हणजे युरोप-अमेरिका ही जी आमची दृढ समजूत आहे, तिने सर्वांत मोठा अन्याय केला आहे तो आमच्याच व्हरांड्यांत वावरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर. पुणे आणि छत्रपती संभाजीनगर येथे गेली कित्येक वर्षे येमेन, इराण, अफगाणिस्तान, सुदान या देशांतून मुलेमुली पीएच.डी.साठी येत आहेत. त्यांतील पुष्कळजण आपापल्या देशी अध्यापक असतात, घरदार मागे ठेवून येतात, आणि येथे जुन्या घरातील एखादी खोली भाड्याने घेऊन, पोलिसांच्या परकीय नागरिक नोंदणी कक्षात खेपा घालून, कित्येकदा स्वदेशात युद्ध चालू असताना प्रबंध लिहितात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले आणि भारताने अफगाण नागरिकांचे पूर्वीचे व्हिसा रद्द ठरविले, तेव्हा घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकून पडले. त्यांच्या नोंदणीची मुदत, शुल्क, प्रबंध सादर करण्याची तारीख यांविषयी कोणत्या विद्यापीठाने आपण होऊन निर्णय जाहीर केला आणि कोणी केवळ अर्जाची वाट पाहिली, हे आपापल्या दप्तरात पाहून घ्यावे.

पदवी घेऊन हे लोक परत जातात आणि तेथील विद्यापीठांत शिकवितात. एडन किंवा सना येथील महाविद्यालयात एखादा प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना भाषाविज्ञान शिकविताना आपल्या पुण्यातील गुरूंचे नाव घेत असेल, आणि आमच्याकडे त्याचा आजचा पत्ता नाही. आयोगाने २०२१ मध्ये विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे कार्यालय व माजी विद्यार्थ्यांशी संपर्काचा कक्ष उघडावा असे मार्गदर्शक सूत्रांत सांगितले. कार्यालये उघडली, दारावर पाट्या लागल्या. आपल्या येथे डॉक्टरेट केलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची एक साधी यादी, नाव, देश, विषय, मार्गदर्शक आणि सध्याचा पत्ता एवढ्याच रकान्यांची, आपण मागवून पाहावी. जागतिक क्रमवारीत वर चढण्यासाठी जे सल्लागार आपण नेमता त्यांच्या शुल्काच्या एका लहानशा अंशात ती तयार होईल. आपण होऊन आमच्या दारी आलेले हे संबंध आहेत. त्यांच्या खांद्यावर शाल घालून छायाचित्र काढण्याची बुद्धी मात्र कोणास झाली नाही.

भाषांविषयी थोडक्यात लिहितो. मराठ्यांच्या इतिहासास पोर्तुगीज लागते. गोव्याच्या पुराभिलेखागारात पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्या भाषेतील कागदांतून काय काढून दिले हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. संस्कृतच्या अभ्यासकास जर्मन लागते, दख्खनच्या अभ्यासकास फारसी लागते. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तेथे सायंकाळी नोकरदारांची गर्दी असते, आणि आमचे संशोधक विद्यार्थी तिकडे अभावानेच फिरकतात. पीएच.डी.च्या पूर्वाभ्यासात किमान बारा श्रेयांक घ्यावेच लागतात. त्यांतील काही विषयास आवश्यक अशा भाषेला दिले तर काय बिघडेल?

आणि नियतकालिकांविषयी तर एकच वाक्य: ज्यांच्या नावाआधी 'इंटरनॅशनल' असते, जी तालुक्याच्या गावातून निघतात, पैसे भरले की आठ दिवसांत छापतात आणि ज्यांचा वाचक लेखकाशिवाय कोणी नसतो, त्यांतील लेखांना आंतरराष्ट्रीय म्हणून गुण देणे निवड समित्यांनी थांबवावे.

हे सर्व अशक्य आहे असे आपणांस कोणी सांगू लागल्यास त्यास आपल्याच आवारांत न्यावे. १९८८ मध्ये स्थापन झालेले 'आयुका' हे खगोलशास्त्राचे केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्याजवळ शिकले आणि येथे येऊन त्यांनी अशी संस्था बांधली, की लहान गावच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचा अध्यापकही तेथे येऊन राहू शकतो, ग्रंथालय वापरू शकतो आणि परदेशी पाहुण्याशी फळ्यासमोर उभा राहून वाद घालू शकतो. नारायणगावाजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या वेळेसाठी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव धाडतात आणि गुणवत्तेवर त्यांची निवड होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तेथे जगातील शास्त्रज्ञ येतील तेव्हा मराठवाड्यातील विद्यापीठांचे संशोधक विद्यार्थी त्यांच्या शेजारी बसतील की केवळ सहल म्हणून वेधशाळा पाहण्यास जातील, याची तयारी आजपासूनच करावी लागेल.

म्हणून काही विनंत्या करतो. संशोधक विद्यार्थ्यास एका सत्रापर्यंत परदेशी जाऊन काम करण्याची अनुमती देण्याचा अंतिम अधिकार विभागप्रमुख व संशोधन सल्लागार समिती यांच्याकडे द्यावा. तो काळ हजेरीत धरावा, शिष्यवृत्ती चालू ठेवण्यासाठी विद्यापीठाने स्वतः पत्र द्यावे, आणि कराराची अट असेल तर ती काढून टाकावी. प्रवासासाठी जो निधी असेल तो आगाऊ द्यावा. आधी खर्च करा, मग पावत्या जोडा, हा शिरस्ता ज्याच्या घरी तिकिटापुरते पैसे आहेत त्याच्याच सोयीचा आहे; शेतमजुराच्या मुलीला ज्या दिवशी निमंत्रण येते त्या दिवशीच तो तिला नकार देतो. आयोगाच्या २०२२ च्या शैक्षणिक सहकार्याच्या विनियमांत संयुक्त पदवीची तरतूद आहे: दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एकेक सत्र, आणि प्रबंध एकच. फ्रान्समध्ये अशा दुहेरी मार्गदर्शनास १९९४ पासून नियमाचा आधार आहे. आपल्याकडे नियम आहे, त्याचा नमुना-अर्ज बहुतेक ठिकाणी नाही. तो छापून घ्यावा, आणि आज नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या विषयास खरोखरी गरज आहे अशांना बोलावून तो हाती द्यावा. परदेशी परीक्षक टाळावयाचा असल्यास तो का शक्य नव्हता याचे कारण मार्गदर्शकाने लेखी नोंदवावे, आणि ते अधिष्ठात्यांनी वाचून त्यावर शेरा मारावा. मानधनाचा नवा नमुना लेखा विभागाने पंधरा दिवसांत करून द्यावा. यापेक्षा अधिक मुदत लागण्याजोगे त्यात काही नाही.

प्रत्येक कराराचा वार्षिक जाबसाल अधिसभेसमोर यावा. त्यात कोण गेले, कोण आले, किती महिने राहिले आणि कोणते प्रकरण लिहून झाले एवढेच असावे. ज्या करारापुढे तीन वर्षे काहीच लिहिता येत नाही तो नूतनीकरणाविना संपू द्यावा. त्याने समोरच्या विद्यापीठास वाईट वाटण्याचा संभव कमी आहे, कारण त्यांच्याही तो ध्यानात नसेल.

नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांच्या शाखा यावयाच्या आहेत, २०२५ मध्ये पाच विद्यापीठांना इरादापत्रे दिली गेली, हे आपण जाणताच. ज्यांच्याजवळ पैसा आहे अशांच्या मुलांची सोय तेथे होईल, आणि होऊ द्यावी. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते परभणीचे, गडचिरोलीचे, सावंतवाडीचे विद्यार्थी, ज्यांचा विषय चांगला आहे, वाचन चांगले आहे आणि ज्यांना आपल्या लेखनावर परक्या माणसाचे मत ऐकण्याची आस आहे. त्यांच्यासाठी दार उघडणारे कोणी असेल तर ते आपण आहात. वरील विनंत्यांपैकी ज्या मान्य होण्याजोग्या नसतील त्यांची कारणे आपण अशाच जाहीर पत्राने कळविल्यास मी ती आदरपूर्वक वाचीन. आणि ज्या मान्य असतील त्यांचे परिपत्रक पुढील नोंदणीच्या आत निघावे, म्हणजे येत्या वर्षीच्या निमंत्रणांना तरी त्याचा उपयोग होईल.



आपला नम्र,
एक सेवानिवृत्त संशोधन मार्गदर्शक
पुणे